खर्चाचे पाणी कोठे मुरते?

आष्ट्याच्या एखाद्या शाळेतील शिक्षकाने किंवा नगरपरिषदेतील कारकुनाने आपली पगारपत्रिका नीट न्याहाळली, तर कपातीच्या रकान्यात भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि पतसंस्थेचा हप्ता यांच्या आसपास एक लहानशी रक्कम त्याला आढळते : व्यवसाय कर, रुपये २००. फेब्रुवारीत ती ३०० होते आणि वर्षाचा हिशोब २,५०० रुपयांवर थांबतो. कारण राज्यघटनेने या कराला घातलेली कमाल मर्यादाच तेवढी आहे. आयकराची चर्चा घरोघरी होते, या कराविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. महाराष्ट्राने तो १९७५ साली बसविला, तो रोजगार हमी योजनेचा खर्च भागविण्यासाठी. पावसाने दगा दिलेल्या मुलखातील मजुराला काम मिळावे म्हणून महिन्याचा पगार निश्चित असलेल्या माणसाने वर्गणी द्यावी, असा तो सरळ व्यवहार होता. त्या व्यवहाराचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार वर्गणीदाराला निश्चितच आहे. आणि तसे विचारण्याचा प्रसंगही आता आला आहे.

मंदीत किंवा दुष्काळात सरकारने हात सैल सोडावा की आखडता घ्यावा, हा वाद जुना आहे. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत अमेरिकेने आणि युरोपातील बहुतेक सरकारांनी प्रथम आखडता हात घेऊन पाहिला, आणि बेकारी वाढतच गेली. १९३६ साली केन्स यांनी त्याची मीमांसा केली. लोक खर्च करीत नाहीत म्हणून माल खपत नाही, माल खपत नाही म्हणून कामगारांना काढले जाते, आणि काढलेला कामगार तर अधिकच कमी खर्च करतो. हे चक्र तोडण्याची ताकद एकट्या सरकारपाशी असते, असा त्यांचा निष्कर्ष. सरकारने टाकलेला एक रुपया हातोहात फिरून एकाहून अधिक रुपयांचे उत्पन्न निर्माण करतो. अर्थशास्त्रात याला गुणक म्हणतात.

तथापि हा गुणक भारतात चालेल काय, अशी शंका केंब्रिजमध्ये शिकून आलेल्या डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनीच १९५२ साली घेतली होती. इंग्लंड-अमेरिकेत मंदीच्या काळात कारखाने बंद पडलेले असतात. मागणी येताच ते सुरू होतात. भारतातील शेतकरी आणि मजूर रिकामा दिसतो, परंतु त्याच्यामागे बंद पडलेला कारखाना नसतो. त्याच्या हाती पैसा आला की तो प्रथम धान्य विकत घेतो, आणि धान्य काही मागणी वाढली म्हणून आठवडाभरात उगवत नाही. तेव्हा नोटा वाढतील, धान्य तेवढेच राहील आणि भाव चढतील. मुंबईच्या वकील आणि ब्रह्मानंद या अर्थशास्त्रज्ञांनी १९५६ साली हाच मुद्दा पुढे नेला : मजुराला पुरेल इतके धान्य-कापड हाताशी असेल तरच त्याला कामावर लावता येते. सरकारी खर्चाचे आंधळे समर्थन करणारांनी हा आक्षेप आजही विसरता कामा नये.

या दोन मतांची परीक्षा पाहण्यासाठी आष्टेकरांना केंब्रिजला जाण्याचे कारण नाही. कृष्णा आणि पुढे येरळा ओलांडली की तासगाव तालुका लागतो. तेथील विसापूर या गावी १९६५ साली, विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने, मागेल त्याला काम देण्याचा पहिला प्रयोग झाला. पागे यांची कल्पना साधी होती. शेतीत वर्षाचे अनेक महिने काम नसते. त्या काळात मजुराने कर्ज काढावे किंवा गाव सोडावे, त्याऐवजी त्याने गावातच बांधबंदिस्ती आणि तलावांची कामे करावीत आणि सरकारने त्याची मजुरी द्यावी. सांगली जिल्ह्याच्या भूगोलातच या कल्पनेचा उगम आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पश्चिमेस वाळवा तालुक्यात ऊस आणि हळद. पूर्वेस आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागांत मेंढरे आणि बाभळी. आष्ट्याचा मळा आणि जतचा माळ एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या कक्षेत येतात, आणि एकाचे दुःख दुसऱ्याला डोळ्यांनी दिसते.

विसापूरच्या प्रयोगाची खरी कसोटी १९७२ साली लागली. लागोपाठच्या अवर्षणाने राज्याचा मोठा भाग होरपळून निघाला. वसंतराव नाईक यांच्या सरकारने दुष्काळी कामे काढली आणि मे १९७३ च्या सुमारास त्या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनच्या दुकानातील परदेशी लाल मिलो. त्या पिढीतील माणसांना हे शब्द उच्चारताच सारे आठवते. आधीच्या शतकात अशाच दुष्काळांत लाखो माणसे दगावली होती. १९७३ साली हालअपेष्टा अतोनात झाल्या, जनावरे गेली, कुटुंबे मोडली. परंतु तशी मानवहानी झाली नाही.

राव यांचा आक्षेप मग चुकीचा ठरला काय? तसे सरसकट म्हणता येणार नाही. देशाचे धान्योत्पादन १९७१-७२ मध्ये सुमारे साडेदहा कोटी टन होते, ते १९७२-७३ मध्ये ९ कोटी ७० लाख टनांवर आले. मजुराच्या हाती पैसा आल्याने हे धान्य वाढले नाही. मात्र एक गोष्ट घडली, जिचा अंदाज पुस्तकांत नव्हता. दुष्काळी गावात पैसा आल्याबरोबर तेथे धान्य येऊ लागले. रेशनचे जेवढे आले तेवढेच नव्हे, तर जिल्हाबंदी आणि राज्यबंदीच्या नाक्यांना चुकवून व्यापाऱ्यांनीही ते आणले. उपाशी गावात धान्य नसते याचे एक कारण तेथे पीक नसते हे होय. परंतु तेथे विकत घेणारा नसतो, हे त्याहून मोठे कारण असते. मजुरीने तो विकत घेणारा निर्माण केला. देशभरचे धान्य थोडे कमी पडले, आणि ती कमतरता दुष्काळी मजुराच्या एकट्याच्या पोटावर न येता सर्वांच्या ताटांत थोडीथोडी वाटली गेली.

सर्वांच्या ताटांत, याचा अर्थ नोकरदाराच्याही ताटात. १९७४-७५ साली घाऊक किमतींचा निर्देशांक सरासरी २५ टक्क्यांनी चढला. याला महाराष्ट्रातील दुष्काळी कामे जबाबदार होती असे म्हणणे हास्यास्पद होईल. १९७३ चा तेलाचा भडका, देशभरची नापिकी आणि केंद्राची तुटीची अर्थव्यवस्था ही त्याची कारणे होती. पण महागाई आवरण्यासाठी केंद्राने जुलै १९७४ मध्ये जो वटहुकूम काढला, त्याने पगारवाढ आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेवीत घातला. धान्याचे भाव वाढले म्हणून मिळालेला भत्ता, आणि तोच भाव आवरण्यासाठी अडकवलेला! त्या वर्षी ज्या कारकुनाने आणि शिक्षकाने संसार चालविला, त्याला सरकारी खर्च आणि महागाई यांचे नाते कोणत्याही क्रमिक पुस्तकाने शिकविण्याची गरज उरली नव्हती. म्हणूनच सरकारने खर्च करावा की नाही, एवढाच प्रश्न विचारणे अपुरे आहे. पैसा कोणाकडून आला, कोणत्या वर्षी आला, आणि तो ज्यावर खर्च झाला त्या वस्तूने पुढील वर्षी पीक वाढले की नाही, हे तीन प्रश्न त्याच्यासोबत विचारावे लागतात.

या तिन्ही प्रश्नांना रोजगार हमी योजनेने दिलेली उत्तरे त्या काळच्या मानाने विलक्षण होती. पैसा नोटा छापून आणला नाही. राज्य सरकारला तो अधिकारच नसतो; रिझर्व्ह बँक केंद्राची, आणि राज्याच्या कर्जाला केंद्राचा लगाम. तेव्हा नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर कर, बागायती जमिनीवर उपकर, आणि जमेल तेवढीच भर राज्याच्या तिजोरीतून, अशी व्यवस्था झाली. मुंबईतील बँकेच्या कारकुनाने दिलेले पैसे जतच्या मजुराच्या हाती पडले. कारकून त्यांतील काही भाग शिल्लक टाकणार होता. मजूर ते सारेच्या सारे त्या आठवड्याच्या बाजारात खर्च करणार होता. एकूण खर्च वाढला, पण तूट वाढली नाही. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि काम मागणे हा हक्क ठरला.

या हक्काचे आर्थिक मर्म फारसे कोणी सांगत नाही. मंदीत सरकारने जाहीर केलेल्या ‘पॅकेज’ला नेहमी उशीर होतो. मंत्रिमंडळाला मंदी दिसेपर्यंत सहा महिने जातात, निधी मंजूर होण्यास आणखी सहा, निविदांचा घोळ वेगळाच. आणि पैसा गावात पोहोचतो तोवर पाऊस पडून गेलेला असतो. हमीचे तसे नाही. पाऊस गेला की मजूर काम मागतो आणि खर्च आपोआप वाढतो. पीक आले की तो शेतावर परततो आणि खर्च आपोआप उतरतो. १९७९-८० साली या योजनेवर वीस कोटींच्या घरात मनुष्यदिवस भरले गेले, आणि कोणत्या गावी किती खर्च व्हावा हे कोणा मंत्र्याला ठरवावे लागले नाही, मजुरांच्या अर्जांनी ते ठरविले.

वाळवा-मिरज पट्ट्यातील बागायतदाराची तक्रार मात्र तेव्हापासूनची आहे : हमीच्या कामांमुळे खुरपणीला बाई मिळत नाही आणि मजुरीचे दर चढले. तक्रारीत तथ्य नाही असे नाही. परंतु सरकारी कामावर किमान मजुरी मिळते म्हणून ज्याला मजूर मिळत नाही, तो त्याहून कमी मजुरी देत होता, हेही त्याच वाक्यात कबूल होते. शिवाय ज्या बाईला दोन रुपये अधिक मिळाले, ती आष्ट्याच्याच पेठेत तेल-मीठ घेते. व्यापारी बागायतदाराचाच भाऊबंद असतो. तो ही तक्रार करताना सहसा आढळत नाही.

मोठा दोष निराळाच होता, आणि तो सरकारच्या बाजूचा होता. १९८८ साली किमान वेतनाचे दर एकदम दुप्पट झाले. मजुराला ते न्याय्यच होते. परंतु दर वाढताच शासनाने नवी कामे काढण्यात हात आखडला आणि मनुष्यदिवस घटले. कागदावर हमी कायम राहिली, कामाच्या ठिकाणी ती पातळ झाली. पुढे कराची जमा एका वाटेने आणि योजनेवरचा खर्च दुसऱ्या वाटेने जाऊ लागला. ज्या कामासाठी कर बसला ते काम आकसले, कर मात्र कायम राहिला.

आणि कामांचा दर्जा? पाझर तलाव हा पाणी मुरविण्यासाठीच बांधतात, असे म्हणून विनोद करता येतो; पण कित्येक गावांत पाणी तलावात कमी आणि मस्टरवर अधिक मुरले. खोटी नावे, मेलेल्यांच्या हजेऱ्या, मोजमाप वहीतील चमत्कार. रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षे पडून राहिलेले खडीचे ढीग हे १९७२ चे एक स्मारकच होते. जेथे बांधबंदिस्ती नेटकी झाली तेथे विहिरींना पाणी आले आणि मजुरांची गरजच कमी झाली. जेथे नुसती खडी फुटली तेथे दर उन्हाळ्यात तीच माणसे तोच हातोडा घेऊन बसली. पोट दोन्हीकडे भरले. पुढल्या वर्षीचे पीक मात्र पहिल्याच ठिकाणी वाढले, आणि राव यांच्या आक्षेपाला खरे उत्तर तेवढ्याच ठिकाणी मिळाले.

मोठ्या कामांचा अनुभव याहून कडू आहे. पूर्व भागासाठी आखलेल्या ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांना दशकांवर दशके लागली. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ निघाले, रोख्यांवर पैसा उभा राहिला, एकाच वेळी असंख्य कामांचे नारळ फुटले. आणि पैसा पातळ पसरल्यामुळे व्याज आधी वाहू लागले, पाणी मागाहून. आज त्या योजनांचे पाणी द्राक्षबागांत पोहोचले आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हेच पाणी वेळेवर आले असते तर मधल्या काळातील टँकर आणि छावण्यांचा खर्च वाचला असता, हेही नाकारता येत नाही. खुद्द आष्ट्यातून जाणारा पेठ-सांगली रस्ता वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठीच ओळखला जाई. एकच रस्ता वारंवार दुरुस्त होणे याला अंदाजपत्रकात खर्च म्हणतात, आणि त्यावरून उसाची बैलगाडी हाकणारा त्याला काय म्हणतो हे छापता येणार नाही.

२००८ च्या जागतिक मंदीत खर्चाचे दान पगारदाराच्या पदरात पडले. त्या वर्षी केंद्राची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के राहील असा अंदाज होता, ती सहा टक्क्यांवर गेली. उत्पादन शुल्क कमी झाले, शेतकऱ्यांची कर्जे माफ झाली, आणि सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हाती आली. शाळा-महाविद्यालयांच्या गावात ही थकबाकी म्हणजे मोटारसायकल, घराचा दुसरा मजला, मुलीचे लग्न. देश मंदीतून लवकर सावरला. पण मंदी सरल्यावरही तूट आवरली गेली नाही, २००९ साली पावसानेही ओढ दिली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे महागाई दोन आकड्यांच्या आसपास राहिली. थकबाकी एकदाच मिळाली. डाळीचा भाव दर महिन्याला द्यावा लागला.

याउलट २०२० चे पाहावे. एप्रिल ते जून या तिमाहीत राष्ट्रीय उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी घसरले. केंद्राने जाहीर केलेल्या २० लाख कोटींच्या मदतीतील बराचसा भाग कर्जे आणि कर्जहमी यांचा होता. आणि ज्याचे दुकानच बंद आहे त्याला कर्ज घेऊन करायचे काय? गावी परतलेल्या माणसाच्या हाती रोख पैसा पडला तो प्रामुख्याने रोजगार हमीतून, जी २००५ च्या कायद्याने देशभर पसरली होती. आधी तरतूद ६१,५०० कोटींची होती, मे महिन्यात तीत ४०,००० कोटींची भर पडली, आणि त्या वर्षी सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस भरले. विसापूरला सुरू झालेल्या यंत्राने अर्धशतकानंतर सबंध देशाला हात दिला.

आता त्याच यंत्राची रचना बदलली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा संमत करून २००५ चा कायदा बाजूस सारला. कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, हे स्वागतार्ह. परंतु कोणत्या राज्याला किती निधी हे केंद्र आधी ठरविणार. त्यापलीकडील खर्च राज्याने सोसायचा. आणि मजुरीसह एकूण खर्चाचा ४० टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यांनी उचलायचा. शेतीच्या ऐन हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याचीही सोय आहे. बागायतदाराचे गाऱ्हाणे अखेर दिल्लीने ऐकले. मजुराच्या अर्जाबरोबर खर्च आपोआप वाढणे, हा जो या योजनेचा प्राण, त्यावर मात्र आता आकड्याचे झाकण बसले आहे. सुकाळात या फरकाची कोणाला जाणीवही होणार नाही. ती होईल अवर्षणाच्या वर्षी, आणि त्याच वर्षी राज्याची स्वतःची जमाही घटलेली असते.

महाराष्ट्राची तिजोरी त्या दिवसासाठी तयार आहे काय? २०२४ च्या जुलैपासून राज्याने महिलांना दरमहा १,५०० रुपये देण्यास सुरुवात केली, आणि त्याचा वार्षिक खर्च प्रारंभी ४६,००० कोटी अंदाजिला गेला. हे पैसे घेणाऱ्या बाईला त्यांची गरज नाही असे सुस्थितीतील माणसाने म्हणणे शोभत नाही. ते पेठेत खर्च होतात, हेही खरे. परंतु तेव्हा राज्यात मंदी नव्हती, अवर्षण नव्हते. होती ती निवडणूक. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात राज्यावरील कर्ज ९ लाख कोटींच्या वर आणि महसुली तूट ४५,००० कोटींच्या वर दाखविली गेली. त्याच वर्षी थकीत बिलांसाठी कंत्राटदार राज्यभर रस्त्यावर आले. काम करून घ्यायचे आणि पैसे द्यायचे नाहीत, या खर्चाला तर गुणकही उलटा लागतो : कंत्राटदार सिमेंटवाल्याला देत नाही, सिमेंटवाला हमालाला देत नाही, आणि हमालाची उधारी किराणा दुकानदाराच्या वहीत साचते.

सुकाळात शिल्लक टाकून दुष्काळात खर्च करण्याची रीत सांगली जिल्ह्यातील शेतकऱ्याला कोणी शिकविलेली नाही. पेव आणि कणगी त्याच्या घरात केन्सच्या आधीपासून होती. सरकारने सुकाळात कणगी रिकामी केली, तर दुष्काळात खर्च करावा हे मत कितीही योग्य असले तरी ते अमलात आणण्यास तिजोरीत काही राहत नाही. राज्याच्या १९७७ च्या कायद्याने १०० दिवसांपलीकडील कामाचा भार राज्याने स्वतःवर घेतला होता आणि त्याच्या पाठीशी एक नाव घेऊन बसविलेला कर होता. तो कर आजही दरमहा कापला जातो. नव्या कायद्याखालील ४० टक्के वाट्यासाठी आणि ठरीव निधी संपल्यानंतर येणाऱ्या अर्जांसाठी ती जमा वेगळी राखून ठेवणार काय, याचे उत्तर राज्य सरकारने पुढचा पाऊस हुकण्यापूर्वी विधिमंडळात द्यावयास हवे. आणि आष्ट्याच्या कारकुनाने ते आपल्या आमदाराला विचारण्यास हरकत नसावी, कारण फेब्रुवारीत त्याचे ३०० रुपये जातात.